आधी काठ, मग अंग

आमच्या वरच्या खोलीत राहणारे गृहस्थ दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. स्वतःच्या कपड्यांच्या नव्हे, माझ्या. दुपारी पडून उठल्यावर मी गच्चीत जावं तर दोरी रिकामी, आणि टाकीजवळच्या स्टुलावर टॉवेल, अभ्रे, माझ्या साड्या असं सगळं कडेला कड जुळवून रचलेलं. पहिल्या खेपेला मी रागावले. एकट्या बाईच्या कपड्यांना भाडेकरूने हात लावायचा नसतो, असं मी माझ्या शाळेतल्या आवाजात त्यांना सुनावलं.

ते जिन्यात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “तुमचे म्हणून नव्हे की अक्का. कापड उलगडून पडलेलं मला बघवत नाही. रस्त्यात कुणाचं पडलं असलं तरी घडी घालतो मी.”

हे खरं होतं. बसचं तिकीट, वर्तमानपत्र, दुधाची रिकामी पिशवी, काहीही हातात आलं की त्यांची बोटं कामाला लागत. बोलताना त्यांचं लक्ष तुमच्याकडे असे आणि बोटांचं लक्ष त्या घडीकडे. पुढे मी दोरीवर कपडे टाकताना मुद्दाम जरा वाकडेतिकडे टाकू लागले. दुपारी उठून जिना चढायला काहीतरी निमित्त झालं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तू कॉम्प्युटर कुणाकडून शिकलीस? तुमची आई हसून म्हणाली, तिचं तिनेच काहीतरी खटपट करून. तसं नाही. तुमच्या आईला ठाऊक नाही, कारण ती तेव्हा लग्न होऊन तिकडे गेली होती. मी या गृहस्थांकडून शिकले, आणि त्यांना थोडंफार मी शिकवलं. त्यांचं नाव लिहीत नाही. मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. कामाला येणाऱ्या बाईशी बोलताना मी त्यांना ‘वरचे’ म्हणत असे, तेच इथेही म्हणते.

आधी घराचं सांगते. तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर राहायला म्हणून मारतहळ्ळीत घर बांधलं. आज तिथे गाडी वळवायला जागा मिळत नाही, पण तेव्हा ते एक लहानसं गावच होतं. एक बसथांबा, एक पिठाची गिरणी, एक डॉक्टर. समोर नाचणीची शेतं आणि संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे जाणारे बगळे. सरकारी संशोधन संस्थेतल्या आजोबांच्या मित्रांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, इतक्या लांब कोण राहणार म्हणून. आजोबांनी प्रत्येक खिडकीचं माप स्वतः काढलं, आणि राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते गेले. मग शेतं, बगळे आणि मी. घरात एक फोन होता. तुमच्या आईचा फोन रविवारी सकाळी येई. उरलेला आठवडा मी कपाटं आवरत असे. आवरलेली कपाटं पुन्हा आवरायची म्हणजे आधी ती विस्कटावी लागतात, हे मला तेव्हा कळलं. अशा दिवसांत मी वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं.

वरचे आले ते एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातले होते. त्यांचे पूर्वज कधी आले हे त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलत, पण निम्मे शब्द कन्नड. माझ्या पुण्याच्या मराठीचं त्यांना हसू येई. “अक्का, तुमची मराठी इस्त्री करून आणल्यासारखी आहे. बोलताना भीती वाटते, चुरगळेल म्हणून.”

त्यांच्या घरचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. ते थोरले भाऊ बघत. हे मात्र दुकान सोडून बाहेर पडले होते. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. बाहेर पडल्यावर एका छापखान्यात साड्यांच्या खोक्यांवरची चित्रं काढत. तिथे कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटरमागून इंटरनेट आलं, आणि यांनी ठरवलं की आता वेबसाइटी बनवायच्या. नोकरी नाही, कचेरी नाही, आपलं आपण काम मिळवायचं. मारतहळ्ळीत खोली घेतली कारण इथे गलका नव्हता. गिऱ्हाईकही नव्हतं, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

अडचण एकच होती, इंग्रजी. हे शास्त्र ज्यातून शिकायचं ते एक जाडजूड अमेरिकन पुस्तक होतं, आणि वरच्यांचं इंग्रजी खोक्यांवरच्या अक्षरांपुरतं. एक दिवस ते पुस्तक घेऊन खाली आले आणि म्हणाले, “अक्का, तुम्ही इंग्रजीच्या टीचर. हे काय म्हणतोय तो, स्वल्प बघा की.”

तेव्हापासून रोज दुपारी कॉफीनंतर आमचा वर्ग भरू लागला. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी करून बघायचं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुस्तक लिहिणारा माणूस विनोदी होता आणि दर पानावर कोटी करी. मी त्या कोट्या गाळून पुढे जात असे. हे त्यांनी ओळखलं. “तो तिथं हसलाय, अक्का. तुम्ही लपवताय.” मग मला त्या कोट्याही समजावून द्याव्या लागत. ते गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढता काढता एकदम हसत आणि गच्चीवरून ओरडून सांगत, “अक्का, कालचा जोक समजला!”

मला वाटलं होतं, मी फक्त वाचतेय. पण वाचता वाचता मीही शिकले. कुठला शब्द कुठल्या कंसात घातला की अक्षर ठळक होतं, चित्र पानात कसं बसवायचं, एका पानावरून दुसऱ्या पानावर दार कसं उघडायचं. मला व्यवस्था आवडते. जो कंस उघडला तो मिटवलाच पाहिजे, हा त्या भाषेचा नियम मला फार पटला. मिटवायला विसरलं की सगळं पान बिघडतं, आणि वरचे म्हणत, “बघा, घडी घालायची राहिली कुठंतरी.”

इंटरनेटसाठी माझ्या बैठकीतल्या फोनपासून जिन्यावरून वर तार नेली होती. तार जोडली की फोन बंद. त्याचं मला काही नव्हतं, कारण मला फोन करणारं दुसरं कोणी नव्हतंच. पण रविवारी सकाळी मी सांगायच्या आधी वरचे खाली येत, तार काढत, तिचं गोल वेटोळं करून फोनशेजारी ठेवत आणि वर निघून जात. तुमच्या आईशी माझं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या खोलीत पावलंसुद्धा वाजत नसत.

काम मिळू लागलं ते चिकपेटेतच, जुन्या ओळखीतून. कड्याकुलुपांचं दुकान, पितळी भांड्यांचं दुकान, एक मंगल कार्यालय. त्यांची काम करायची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. आधी ते त्या दुकानात जाऊन दिवसभर बसत. काही विचारत नसत, काही लिहून घेत नसत. गिऱ्हाईक कुठल्या पायाने आत येतं, आधी कुठे बघतं, मालक कधी बोलतो, सगळं बघत. कुलूपवाल्याला पहिल्यांदा वाटलं, हा मनुष्य विक्रीकराच्या कचेरीतून आला आहे. त्याने तीनदा कॉफी पाजली. संध्याकाळी घरी येऊन ते म्हणत, “दुकान बसलं डोक्यात.” मगच माउसला हात.

त्या काळी एक फॅशन होती. वेबसाइटवर अक्षरं लुकलुकत, वाहत, रंग बदलत. मी एकदा सुचवून बघितलं. त्यांनी मान हलवली. “गिऱ्हाईकाला डोळा मारायचा नसतो, अक्का.”

आणि गंमत अशी की ज्यांची वेबसाइट, त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नसे. मग त्यांना ती दाखवायची कशी? वरचे सगळं यंत्र गोधडीत बांधून ऑटोत घालत, पडदा मांडीवर घेत, आणि चिकपेटेत जात. ऑटोवाला विचारी, “टीव्ही ना?” “हौदु, टीव्हीच,” हे सांगत. गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबे, पुढे गर्दीतून पायी, डोक्यावर पडदा. दुकानदार आपली वेबसाइट आयुष्यात एकदाच बघायचा, म्हणून तो ती नीट साजरी करी. उदबत्ती लावी, हार घाली. कुलूपवाल्याने तर पडद्याच्या काचेवरच कुंकू लावलं. त्याचा डाग कोपऱ्यात शेवटपर्यंत राहिला. वरच्यांनी तो पुसला नाही, आणि पान आखताना ते त्या कोपऱ्यात महत्त्वाचं काही ठेवत नसत.

त्यांचं एक वाक्य मी रोज ऐकत असे. “आधी काठ, मग अंग, पदर सगळ्यात शेवटी.” कुलपांचं पान असो की मंगल कार्यालयाचं, हेच. मला वाटायचं, हे सौंदर्यशास्त्र असावं. मग एका सकाळी मला त्याचा अर्थ कळला.

ते खाली येऊन म्हणाले, “अक्का, तुमच्या साड्या द्याल? फोटो काढायचेत. आमच्या दुकानाचं पान करतोय.”

“भावाने सांगितलं?”

“नाही. अण्णाला ठाऊकही नाही.”

आजोबा गेल्यापासून मी ती ट्रंक उघडली नव्हती. इरकल, नारायणपेठ, म्हैसूर सिल्क, तुमच्या आईच्या लग्नात नेसलेली जांभळी धर्मावरम. गच्चीतल्या दोरीवर आम्ही एकेक साडी टांगली आणि सकाळच्या उन्हात त्यांनी फोटो काढले. प्रत्येक फोटोत काठ वरच्या बाजूला यावा आणि पदर खाली, म्हणून ते साडी पुन्हा पुन्हा टांगत होते. मी कारण विचारलं.

“आमच्या अण्णाची रीत आहे ती. साडी दाखवताना तो आधी नुसता काठ दाखवतो. मग अंग, हळूहळू, हातभर हातभर. बाई पुढं झुकते. पदर अगदी शेवटी. पदर आधी दाखवला तर गिऱ्हाईक बघतं आणि उठतं. चिकपेटेत अण्णासारखी साडी उलगडणारा माणूस नाही. लोक नुसतं बघायला यायचे.”

“आणि तुम्ही?”

“मी घड्या घालायचो.” ते त्या वेळीही घडीच घालत होते, माझ्या इरकलची. “अण्णानं उलगडायचं, मी घडी घालायची. लहानपणापासून. एकदा अण्णा जेवायला गेला होता. एक बाई आल्या. मी उलगडली साडी. काठ, अंग, सगळं अण्णासारखं. त्या बाई बघतायत, पदर यायला हातभर राहिला, तेवढ्यात अण्णा आला. त्या बाईसमोर म्हणाला, तू घड्या घाल.” त्यांनी इरकलच्या कडेला कड लावली. “घातली घडी. कपाटात ठेवली. चप्पल घातली आणि बाहेर पडलो. त्याला आता बरीच वर्षं झाली.”

मी विचारलं, “मग आता हे पान कशाला?”

“एकदा त्याच्यासमोर मला उलगडायचीय, अक्का. पदरापर्यंत. त्यानं नुसतं बघायचं. मग सरी.” सरी म्हणजे त्यांच्या कन्नडात ‘ठीक, झालं’.

तुम्हाला पडद्यावर सगळं क्षणात उघडलेलं बघायची सवय आहे, म्हणून हे समजावून सांगते. तेव्हा फोनच्या तारेतून चित्र यायला फार वेळ लागे. ते वरून खाली, एकेक रेघ करत येई. सगळं जग त्या सावकाशीला शिव्या देत होतं. वरच्यांनी तिचा उपयोग करून घेतला. त्यांच्या पानावर साडीचं चित्र यायला लागलं की आधी जरीचा काठ दिसे, मग जांभळं अंग थोडंथोडं खाली उतरे, आणि अगदी शेवटी पदर उघडे. मी माझीच साडी बघत होते, तरी खुर्चीत पुढे झुकले.

पान तयार झालं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही चला बरोबर. तुम्ही असलात तर तो ओरडणार नाही.” मी की-बोर्ड मांडीवर घेऊन ऑटोत बसले. वाटेत त्यांची बोटं चालू होती. हातात बसचं जुनं तिकीट होतं, त्याच्या इतक्या घड्या झाल्या होत्या की ते वाटाण्याएवढं झालं होतं.

अण्णा पांढऱ्या गादीवर बसले होते. साठी उलटलेले, अंगाने भरलेले, कपाळाला गंध. त्यांनी भावाकडे बघितलं नाही, गोधडीकडे बघितलं.

“टीव्ही आणलास?”

“टीव्ही नव्हे अण्णा. दुकान आणलंय.”

“दुकान इथं आहे की. तू कुठलं आणलंस?” मग माझ्याकडे वळून, “या अक्का, बसा. काय दाखवू?”

“आज तुम्ही बघायचं,” मी म्हटलं. “दाखवणार हे आहेत.”

अण्णांनी भुवया वर केल्या. पंख्याची वायर काढून तिथे यंत्र लावलं. मग वरच्यांनी बरोबर आणलेली इंटरनेटची तार बाहेर काढली आणि गादीजवळच्या फोनकडे गेले. “अण्णा, ही फोनची तार स्वल्प वेळ काढतो.”

“बेडा! फोनला हात लावायचा नाही.”

“थोडाच वेळ, अण्णा.”

“अरे, सगळा धंदा आता त्याच्यावर आहे. हुबळीवाले, दावणगेरेवाले फोनवरच माल सांगतात. आता येईल एकाचा. तू होतास तेव्हाचा फोन नव्हे हा.”

वरचे फोनकडे बघत राहिले. त्यांच्या वेळी तो फोन दिवसदिवस वाजत नसे. कुठल्याही परक्याच्या दुकानात दिवसभर बसल्याशिवाय हा माणूस कामाला हात लावत नसे, आणि आपल्या घरच्या दुकानात मात्र बसायला आला नव्हता. ते डोक्यात बसलेलंच आहे, असं त्यांनी धरलं होतं. एक सकाळ येऊन बसले असते तरी फोन वाजताना ऐकला असता.

फोन नसेल तर पान यंत्राच्या पोटातूनच उघडायचं. मग ते सावकाश येत नाही, एका क्षणात उघडतं. कुलूपवाल्याला तेच दाखवलं होतं आणि तो खूश झाला होता. पण हे कुलूप नव्हतं.

“तसंच बघा मग,” वरचे म्हणाले आणि बटण दाबलं.

साडी धपकन समोर आली. काठ, अंग, पदर, सगळं एकदम.

अण्णांनी मान मागे घेतली. “पदर आधीच टाकलास की रे पुढ्यात.”

“तसं नव्हे अण्णा, फोन असला की ती हळू...”

“गिऱ्हाईकाला असं सांगत बसणार काय, फोन असला की हळू?”

तेवढ्यात दोन बायका आत आल्या. “या, बसा, काय दाखवू?” म्हणत अण्णा वळले, आणि मी त्यांना साडी उलगडताना पहिल्यांदा बघितलं. आधी बोटभर काठ. मग दोन्ही तळवे साडीखाली सरकले आणि अंग पाण्यासारखं पुढे आलं, थांबलं, पुन्हा आलं. त्या बायका पुढे झुकल्या. मीही झुकले. आमच्या वरच्या खोलीत रोज जे उतरत होतं ते हेच होतं. वरच्यांनी आपल्या भावाचे हात त्या यंत्रात घातले होते, आणि ते भावाला दाखवता येत नव्हते.

बायकांनी दुसरी साडी मागितली. अण्णांनी उलगडलेली पहिली साडी न बघताच बाजूला सरकवली, भावाच्या पुढ्यात. जुनी सवय. वरच्यांनी ती साडी बघितली. मग वाकून यंत्राच्या वायरी काढल्या, पडदा उचलला आणि पायऱ्या उतरले. गोधडी तिथेच जमिनीवर पडली होती. मी ती जमेल तशी गोळा केली. अण्णा त्या गोळ्याकडे बघत होते. घडी न घालता गेलेला भाऊ त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

त्यानंतर दोरीवरचे माझे कपडे संध्याकाळपर्यंत तसेच राहू लागले. वर्ग बंद पडला. पुस्तक माझ्याकडेच होतं, पण मागायला कोणी येत नव्हतं. रविवारी तार निघे, तेवढी एकच गोष्ट चालू होती. मी तुमच्या आईला फोनवर सांगणार होते, पण काय सांगायचं? भाडेकरू घड्या घालत नाही म्हणून? ती म्हणाली असती, मग बरंच झालं की.

काम मात्र त्यांनी सोडलं नाही. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी एक रोपवाटिका होती, तिचं पान करायचं होतं. ते सकाळीच तिथे जाऊन बसले होते. त्याच दिवशी माझ्या फाटकाशी ऑटो थांबला आणि अण्णा उतरले. हातात ताम्हन, त्यात अक्षता आणि पत्रिका. मुलीचं लग्न ठरलं होतं. सख्ख्या भावाला निमंत्रण द्यायचं तर थोरल्याने स्वतः घरी यावं लागतं. ते पोस्टाने पाठवून भागत नाही.

“संध्याकाळी येतील,” मी म्हटलं. कॉफी केली. अण्णांनी घर बघितलं, खिडक्यांची तारीफ केली. मग पेला हातात तसाच धरून म्हणाले, “ते मशीन इथंच असतं?”

“वर आहे.”

“फोन लावला की हळू होतं म्हणाला तो.”

“होतं.”

अण्णा जिन्याकडे बघू लागले. माझ्याकडे खोलीची दुसरी किल्ली होती. ती अशी कधी वापरली नव्हती, पण त्या दिवशी मी दुसरा विचार केला नाही. दाराबाहेर अण्णांना चपला काढायला लावल्या, तार जोडली, यंत्र चालू केलं. यंत्राला फोनशी जोडणारी मॉडेमची डबी नेहमीसारखी केकाटू लागली.

“का ओरडतंय?”

“आत घ्या म्हणतंय,” मी म्हटलं. हे उत्तर वरच्यांनी मला दिलेलं होतं.

पान उघडलं. मी जांभळ्या धर्मावरमवर बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग जरीची एक रेघ. दुसरी. अण्णा खुर्चीच्या टोकाशी आले. काठ पुरा झाला आणि अंग उतरू लागलं, थांबलं, पुन्हा उतरलं. अण्णांचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते आणि आपोआप पुढे सरकत होते.

“हं,” ते स्वतःशी म्हणत होते. “हं. थांब. आता जा.”

आणि पदर यायला हातभर राहिला असताना लाइन तुटली.

तेव्हा असं व्हायचं. मी ओशाळून म्हटलं, “पुन्हा लावावा लागेल. वेळ लागेल.”

“लावा की,” अण्णा म्हणाले. “पदर राहिलाय.” धंद्याचा फोन क्षणभर न सोडणारा तो माणूस मॉडेमचं केकाटणं दोनदा, तीनदा ऐकत शांत बसून राहिला. अखेर पदर आला. अण्णांनी हात पुढे केला आणि पडद्याजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, कापड पारखताना घासतात तसं.

“ही आमच्या दुकानातली.”

“हो. मुलीच्या लग्नासाठी यजमानांनी चिकपेटेतून आणली होती.”

“मीच दाखवली असणार.” मग खुर्ची पुढे ओढून, “दुसरी दाखवा.”

आम्ही सगळ्या साड्या बघितल्या. दुपार उलटली. शेवटी अण्णा उठले, ताम्हन माझ्याकडे दिलं, जिना उतरले आणि फाटकापाशी थांबले.

“त्यांना काय सांगू?” मी विचारलं.

“लग्नाचं सांगा. चार दिवस आधी यायचं म्हणावं.” ऑटोवाला घाई करत होता. अण्णा आत बसले, मग डोकं बाहेर काढून म्हणाले, “आणि सांगा, अण्णानं बघितलं. आता तू उलगड म्हणावं, घड्या मी घालतो.”

संध्याकाळी वरचे आले. पायांना तळ्याकाठचा चिखल. मी फाटकातच उभी होते. खरं सांगते, हा निरोप पोचला की वरची खोली रिकामी होणार, हे मला दुपारीच कळलं होतं. मी तो शब्दन्‌शब्द सांगितला. शाळेत निकाल वाचून दाखवत असे, तसा.

त्यांनी विचारलं, “पदर दिसला?”

“दिसला.”

“शेवटी?”

“सगळ्यात शेवटी.”

“सरी,” ते म्हणाले, आणि चिखलाच्या पायांनीच गच्चीत गेले. बऱ्याच वेळाने मी वर गेले तेव्हा दोरी रिकामी होती.

लग्नानंतर ते चिकपेटेतच राहायला गेले. दुकानात फोनशेजारी नवं यंत्र घेतलं. जुनं माझ्याकडे ठेवून गेले, गोधडीसकट. “तुम्हाला येतं आता, अक्का. रोपवाटिकेचं राहिलंय, ते तुम्ही पुरं करा.” मी केलं. आधी तळ्याकाठी दिवसभर बसून आले, मग केलं. नंतर गिरणीवाल्याच्या जावयाचं, डॉक्टरांचं. मारतहळ्ळीत लोक मला इंटरनेटवाल्या अक्का म्हणू लागले. दुपारी मी वर जाऊन बसत असे. पुस्तकातली एखादी कोटी वाचली की हसू येई, पण हसल्याचं ऐकायला कोणी नसे. कधी त्यांच्या दुकानाचा फोन फिरवत असे. तो कायम अडकलेला. का अडकलाय ते ठाऊक असायचं, म्हणून मी बरं वाटून घेत असे आणि ठेवून देत असे.

आणि मग तुमच्या आईने फोटो पाठवला. तुझा, थोरल्या, जन्मल्यानंतरचा पहिला. मी एकटीच वर होते. आधी विणलेल्या टोपीचा काठ आला. मग कपाळ. मग मिटलेले डोळे, एकेक रेघ करत. मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते. सगळ्यात शेवटी मुठी आल्या, घट्ट मिटलेल्या. लाइन एकदाही तुटली नाही.

मी तार काढली, खाली आले आणि चिकपेटेत फोन लावला. अडकलेला होता. परत वर गेले. यंत्र बंद केलं. गोधडी जमिनीवर उलगडून पडली होती. ती उचलली, कडेला कड लावली, काठ वर ठेवला आणि घडी घातली.